कॅक्टसला ‘स्ट्राँग’ म्हणणं थांबवूया

इन्स्टावर दर चार रील्समागे एक कॅक्टस येतो. मागे सूर्यास्त, केशरी आकाश, मधोमध दोन हात वर करून उभं असलेलं ते उंच हिरवं झाड आणि खाली इंग्रजीत उपदेश: पाणी नसलं, सोबत कुणी नसलं, तरी ताठ उभं राहायला शिका. परीक्षा, प्लेसमेंट आणि ब्रेकअपच्या सीझनमध्ये या रील्सना नुसता ऊत येतो. कुणीतरी आपल्याला टॅग करतं, आपण हार्ट देतो, पुढे जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या रीलमधलं वनस्पतिशास्त्र साफ चुकीचं आहे. आणि त्याने नुसता बीएस्सी बॉटनीवाल्यांचाच जीव जातो असं नाही, त्या झाडाचाही जातोय.

रीलमधलं ते झाड म्हणजे सवारो. स्पेलिंगमध्ये मध्येच एक ‘जी’ आहे, तो गिळून टाकायचा. उच्चार साधारण आपल्या ‘सवारी’सारखा. फोनमधला कॅक्टसचा इमोजी याच्याच आकाराचा. काउबॉय सिनेमांच्या पोस्टरवरचा कॅक्टस हाच, मेक्सिकन कॅफेच्या भिंतीवरचा हाच, मोबाइल कव्हरवरचाही हाच. जगात कुठलंही वाळवंट दाखवायचं म्हटलं की डिझायनर मंडळी डोळे मिटून हा काढतात, मग ते सहारा का असेना. प्रत्यक्षात सवारो जगाच्या एकाच कोपऱ्यात रानात वाढतो, सोनोरन वाळवंटात. म्हणजे अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्याचा दक्षिणेकडचा भाग, सीमेपलीकडचं मेक्सिकोचं सोनोरा राज्य आणि कॅलिफोर्नियात कोलोरॅडो नदीच्या आजूबाजूला अगदी थोडा. ज्या टेक्सासच्या गोष्टींमध्ये त्याला हमखास उभं करतात, तिथे तो मुळात उगवतच नाही.

आपल्याकडे कॅक्टस म्हटलं की निवडुंग. पण शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग, ज्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो कॅक्टस नाही. त्याचं कूळ वेगळं, युफोर्बियाचं. कॅक्टसचं घराणं जवळपास सगळंच्या सगळं अमेरिका खंडांतलं आहे. आपला फड्या निवडुंग हा मात्र खरा कॅक्टस, पण तोही तिकडून आलेला आणि इथे मुरलेला. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहे, तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. निवडुंगात मूर्ती सापडली म्हणून हे नाव, असं सांगतात. म्हणजे काटेरी झुडपात देव भेटणं आपल्याला अगदीच नवीन नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता त्या ‘एकट्याने ताठ उभं राहण्या’कडे येऊ.

सवारोच्या एका फळात साधारण २,००० बिया असतात, खसखशीएवढ्या, काळ्या. आयुष्यभरात एक झाड कोट्यवधी बिया तयार करतं. त्यातल्या बहुतेक पक्षी, मुंग्या, उंदीर खातात, उरलेल्या उन्हात करपतात. जी एखादी रुजते ती बहुतेक वेळा उघड्या माळावर रुजत नाही, दुसऱ्या कुठल्यातरी झाडाखाली रुजते. पालो व्हर्दे, मेस्किट, आयर्नवूड ही त्या वाळवंटातली झाडं. त्यांची सावली नसेल तर उन्हाळ्यात ते कोंब भाजून मरतं आणि हिवाळ्यात त्यांचं पांघरूण नसेल तर गारठून मरतं. शास्त्रज्ञ या झाडांना ‘नर्स ट्री’ म्हणतात, आपण दाई झाडं म्हणू. या दाईच्या पदराखाली सवारोची वाढ किती होते? पहिल्या आठ वर्षांत एक ते दीड इंच. तुम्ही पाचवीत असताना बी रुजलं असेल, तर तुमच्या बारावीच्या बोर्डाला ते तुमच्या अंगठ्यापेक्षा लहान.

पहिलं फूल यायला साधारण ३५ वर्षं लागतात. ज्या फांद्यांना आपण ‘हात’ म्हणतो, तो पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं, आणि जिथे पाऊस कमी तिथे १०० वर्षंसुद्धा. आयुष्य दीडशे ते पावणेदोनशे वर्षांचं, काहींचं दोनशेपर्यंत. उंची ४० फुटांवर जाते आणि पाण्याने टम्म भरलेल्या मोठ्या झाडाचं वजन काही टन भरतं. म्हणजे रीलमधलं ते दोन हातवालं झाड रुजलं तेव्हा तुमच्या खापरपणजोबांचं लग्नही झालं नसेल. आणि त्याची ती दाई? सवारो मोठा झाला की जमिनीतलं पाणी आधी तोच ओढून घेतो आणि ते म्हातारं झाड पुष्कळदा वाळून जातं. उजाड माळावर एकटाच उभा दिसतो ना, तो असा एकटा झालेला असतो. सेल्फ-मेड लोकांच्या मुलाखती वाचताना मला हल्ली हे आठवतं.

पाण्याचंही तसंच. ‘पाण्याशिवाय जगतो’ हे अर्धंच खरं. सवारोची मुळं खोल जात नाहीत. मधलं एक मूळ दोनेक फूट खाली जातं, बाकीची सगळी जेमतेम वीतभर खोलीवर चहूबाजूंना पसरतात, झाडाची जेवढी उंची जवळपास तेवढी लांब. पाऊस पडला की वरच्यावर ओल शोषून घ्यायची यासाठी ही सोय. खोडाला हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असतात. पाणी मिळालं की घड्या उघडतात आणि झाड फुगतं, कोरड पडली की मिटतात. एफी स्पॉल्डिंग नावाच्या बाईंनी टूसॉनच्या डेझर्ट लॅबोरेटरीत या घड्या मोजून १९०५ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला होता. पानं नाहीतच, अन्न तयार करण्याचं काम खोडावरच. आणि श्वास रात्री. दिवसा रंध्रं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून सवारो रात्रीच्या गारव्यात ती उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतो आणि दिवसा उन्हात त्याचं अन्न करतो. ही ‘रात्री’वाली गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे परत यावं लागणार आहे.

एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत फुलं येतात. पांढरी, मेणासारखी, रात्री उमलणारी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटणारी. एका फुलाला एवढाच वेळ. त्या वेळात कुणीतरी परागकण आणून टाकायला हवेत. मेक्सिकोतून फुलांचा माग काढत उत्तरेकडे येणारी लांब नाकाची वटवाघळं रात्रपाळी करतात, सकाळी पांढऱ्या पंखांचे होले आणि मधमाश्या येतात. या वटवाघळाचं नाव १९८८ मध्ये अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेलं होतं. दोन्ही देशांतल्या लोकांनी गुहा जपल्या, मोजण्या केल्या आणि २०१८ मध्ये ते यादीतून बाहेर काढलं गेलं. संख्या सावरली म्हणून त्या यादीतून बाहेर पडलेलं हे पहिलं वटवाघूळ. टकीला ज्या अगेव्हपासून बनते, तिच्या फुलांवरही हेच येतं, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणाला ना कुणाला आपुलकी असणारच.

मग भाडेकरू. गिला सुतार पक्षी खोडात भोक पाडून घरटं करतो. झाड त्या जखमेभोवती कडक साल तयार करतं, म्हणजे आत एक छान कोरडी खोली तयार. सुतार पक्षी सोडून गेला की तिथे एल्फ आउल राहायला येतं, जेमतेम चिमणीएवढं घुबड. सवारो मरून कुजला तरी ती कडक खोली तशीच उरते, बुटासारखी दिसते. तिथले लोक पूर्वी तिचा भांड्यासारखा वापर करायचे.

तिथले लोक म्हणजे तोहोनो ओओदाम. नावाचा अर्थच ‘वाळवंटातली माणसं’. बाहेरच्यांनी त्यांना ‘पापागो’ हे नाव चिकटवलं होतं, १९८६ मध्ये त्यांनी ते अधिकृतपणे टाकून आपलं स्वतःचं नाव घेतलं. सवारोला ते हाशान म्हणतात आणि त्याच्या फळाला बाहिदाज. जूनच्या शेवटी, जेव्हा त्या वाळवंटात चाळिशीच्या वर पारा असतो आणि सगळं करपलेलं असतं, तेव्हा नेमकी ही फळं पिकतात. मेलेल्या सवारोच्या आतल्या लाकडी पट्ट्या एकाला एक बांधून लांब काठी करायची आणि तिने उंचावरची फळं पाडायची. म्हणजे आजोबांच्या हाडांनी नातवाची फळं काढायची. फळाच्या टोकाला वाळलेल्या फुलाचा कडक भाग असतो, तोच सुरी म्हणून वापरायचा. आत लालभडक गर, साधारण अंजिरासारखा. रिकामं झालेलं साल झाडाजवळ जमिनीवर ठेवायचं, लाल बाजू आकाशाकडे करून. पावसाला ते दिसावं म्हणून.

गर उकळून, गाळून, परत उकळून काकवीसारखा पाक करतात. त्यातला काही आंबवून मद्य होतं आणि ते पावसाच्या विधीत सगळे मिळून पितात, गाणी म्हणतात, ढगांना खाली बोलावतात. त्यांचं वर्ष सुरू होतं ते याच दिवसांत. आपल्याकडे मृग लागला की शेतकऱ्याचे डोळे जसे आभाळाकडे लागतात, तसंच हे. आणि योगायोग म्हणजे अ‍ॅरिझोनातल्या त्या पावसालाही ‘मान्सून’च म्हणतात. अरबी ‘मौसिम’वरून आलेला तोच शब्द, ज्यावरून आपले मोसमी वारे. हवामान खात्याच्या हिशेबात तो १५ जून ते ३० सप्टेंबर. तारखासुद्धा ओळखीच्या वाटतात ना?

ओओदाम लोकांच्या दृष्टीने सवारो ही माणसंच. त्यांच्या एका कथेत, आईने दुर्लक्ष केलेलं मूल जमिनीत शिरतं आणि सवारो होऊन वर येतं. म्हणून मुलांना सांगतात, सवारोला दगड मारायचा नाही. ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या रील्सचा आणखी राग आला. ज्यांनी हे झाड शेकडो वर्षं पाहिलं त्यांनी त्यात दुर्लक्षित मूल पाहिलं, आणि आपण त्यात जिमचा पोस्टर बॉय पाहतो.

अर्थात यावर ‘किती निसर्गपूजक लोक ना!’ असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. आपण आपल्या आदिवासींबद्दलही तेच करतो. फोटो काढतो, वारली प्रिंटचा कुर्ता घेतो आणि जमिनीचा विषय निघाला की गप्प बसतो. ओओदामांचा प्रश्नही जमिनीचाच आहे. १८५० च्या दशकात अमेरिकेने मेक्सिकोकडून जमिनीचा मोठा पट्टा विकत घेतला आणि नवी सीमा बरोबर त्यांच्या मुलखातून गेली. विचारलं कुणी नाही. अर्धे नातेवाईक इकडे, अर्धे तिकडे. २०१९-२० मध्ये त्या सीमेवर ३० फुटी पोलादी भिंत उभारायला सुरुवात झाली. ऑर्गन पाइप कॅक्टस नावाचं तिथलं राष्ट्रीय स्मारक म्हणजे संरक्षित वाळवंट, पण भिंतीसाठी पर्यावरणाचे कायदेच बाजूला ठेवण्यात आले. बुलडोझरने आडवे पाडलेल्या सवारोंचे फोटो तेव्हा जगभर फिरले. अधिकाऱ्यांचं म्हणणं, बरीच निरोगी झाडं आम्ही उपटून दुसरीकडे लावली आहेत.

या ‘दुसरीकडे लावली’वर थोडं बोलायलाच हवं. मोठा सवारो उपटून हलवला की त्याची ती लांबवर पसरलेली मुळं तुटतात. पण खोडात पाणी साठलेलं असतं, त्यामुळे तो वर्षानुवर्षं हिरवा दिसत राहतो आणि आतून मरत असतो. पाहणी करणारा येतो, हिरवं दिसतंय म्हणून टिक करून जातो. आपल्याकडे मेट्रोच्या कामात ‘पुनर्रोपण’ केलेल्या झाडांचं काय झालं हे मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. आणि एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं, हा हिशेब तर सवारोपुढे हास्यास्पदच होतो. दहा रोपं लावा, नाहीतर शंभर लावा. आठ वर्षांनी त्यांची उंची दीड इंच असणार आहे. घुबडाला घर हवंय आत्ता.

सप्टेंबर २०२० मध्ये किटोबाकीटो झऱ्याजवळ हिया-सेड ओओदाम समाजाची एक तरुणी भिंतीच्या यंत्रांसमोर उभी राहिली. हा झरा, हा परिसर आमच्यासाठी पवित्र आहे, इथे आमचे पूर्वज आहेत, हे तिचं म्हणणं. तिला अटक झाली, खटला चालला. जानेवारी २०२२ मध्ये धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्याखाली तिला निर्दोष सोडण्यात आलं. तोवर भिंत उभी राहिली होती.

आता कुणी म्हणेल, की बाई, भिंत एका पट्ट्यात आहे. सवारो तर लाखोंनी आहेत, टूसॉनला त्याच्या नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, राज्याचं फूल तेच आहे, परवानगीशिवाय तोडायला बंदी आहे. सगळं खरं. १९३१ मध्ये ते राज्यफूल झालं, १९३३ मध्ये टूसॉनजवळचं सवारोंचं जंगल राष्ट्रीय स्मारक झालं, १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. चोर बागांमध्ये विकायला झाडं उपटून नेतात म्हणून उद्यानाने सवारोंच्या अंगात मायक्रोचिप बसवल्या आहेत. लोकांना किती प्रेम आहे बघा. १९८२ मध्ये फिनिक्सजवळ एका माणसाने मजा म्हणून बंदुकीने सवारोवर गोळ्या झाडल्या, तुटलेला भलामोठा हात त्याच्याच अंगावर पडला आणि तो मेला. लोकांनी त्यावर गाणंही केलं.

पण याच उद्यानाची एक जुनी गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिच्यात आहे.

ज्या दाट ‘कॅक्टस फॉरेस्ट’साठी १९३३ मध्ये ती जागा राखीव झाली, तिथले मोठे सवारो काही वर्षांतच धडाधड मरायला लागले. तपासणाऱ्यांना सडलेल्या भागात जिवाणू सापडले. निदान झालं: रोग. १९४० च्या दशकात शेकडो झाडं कापून पुरली, साथ पसरू नये म्हणून. काहींवर चक्क पेनिसिलिनचे प्रयोग झाले. तरी जंगल कमी होतच गेलं आणि तज्ज्ञांनी सांगून टाकलं की शतक संपेपर्यंत इथे काही उरणार नाही. पुढे लक्षात आलं की ती सड मुख्यतः आधीच्या कडक थंडीने मेलेल्या, वयात आलेल्या झाडांची होती. म्हातारी झाडं मरणारच. खरा प्रश्न हा होता की तरुण झाडं का नाहीत? तर त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधीपासून आसपासच्या चुन्याच्या भट्ट्यांसाठी पालो व्हर्दे आणि मेस्किट सर्रास तोडले गेले होते. उरलेल्या जागेत गुरं चरत होती, रोपं तुडवत होती. दाया गेल्या, मग बाळं कुठून येणार? सवारोला कुणी हात लावला नव्हता. १९७९ मध्ये तिथली गुरं थांबली, झुडपं परत आली आणि त्यांच्याखाली हळूहळू सवारोची रोपं दिसायला लागली.

म्हणजे सवारो वाचवायचा तर सवारोकडे बघून चालत नाही. मायक्रोचिप लावून, फोटो काढून, राज्यफूल करून जे होत नाही ते एका फालतू वाटणाऱ्या झुडपामुळे होतं. आपण मात्र ‘आयकॉन’च्याच प्रेमात पडतो. वाघ म्हटलं की वाघ. सवारो म्हटलं की दोन हातवाला सवारो. आणि तो ‘कणखर’ आहे असं एकदा ठरलं की काळजी करण्याचं कारणच उरत नाही. स्ट्राँग आहे ना, करेल मॅनेज. हे वाक्य आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरी, हॉस्टेलवर, एचआरकडून ऐकलेलं असेल.

तर तो करतोय का मॅनेज? २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर होतं. तोवरचा विक्रम १९७४ मधल्या १८ दिवसांचा. पाऊसही जवळपास आलाच नाही. शहरातल्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमधल्या सवारोंचे हात गळून पडायला लागले, काही अख्खी झाडं आतून सडून कोसळली. ‘अरे, पण कॅक्टस ना? उन्हाने कसा मरेल?’ असं जगभर लोक विचारत होते. उत्तर रात्रीत आहे. सवारो श्वास रात्री घेतो आणि त्या दिवसांत कित्येक रात्री तापमान ३२ अंशांच्या खाली उतरलंच नाही. दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं. झाडाला सावरायला गार रात्रच मिळाली नाही तर ते आतून थकत जातं, मग जंतू, मग सड. पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर मे महिन्याच्या रात्री काढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

शहराबाहेर उद्यानात मोठे सवारो अजून दिमाखात उभे आहेत. पण १९९० च्या दशकात सुरू झालेल्या लांबलचक दुष्काळापासून तिथे नवी रोपं फारच कमी रुजली आहेत. सवारोची पिढी मुळातच दरवर्षी येत नाही. काही ओली वर्षं लागोपाठ आली की एकदम रोपं रुजतात. ती ओली वर्षं दुर्मीळ झाली की पिढीच गायब होते. आणि हे दिसत नाही, हा खरा घोळ आहे. आज रुजायला हवं होतं ते झाड रुजलं नाही हे पर्यटकाला कळणार पन्नास-साठ वर्षांनी, जेव्हा रीलसाठी उभं राहायला झाडच नसेल.

शेवटचा व्हिलन आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. बफेल ग्रास नावाचं गवत. आफ्रिकेपासून भारतापर्यंत ते मूळचं, आपल्याकडे त्याला अंजन गवत म्हणतात आणि ते चांगला चारा म्हणून मुद्दाम लावतात. अमेरिकेतही गेल्या शतकात ते चाऱ्यासाठी आणि धूप थांबवायला म्हणूनच नेलं. सोनोरन वाळवंटात पूर्वी मोठे वणवे लागत नसत, कारण झुडपांच्या मध्ये मोकळी जमीन असायची. आग पुढे सरकायलाच जागा नाही. अंजन त्या मोकळ्या जागा भरून टाकतं. वाळलं की पेट्रोलसारखं पेटतं, आणि जळून गेल्यावर पुन्हा सगळ्यांच्या आधी तेच उगवतं. सवारोला आगीची सवय नाही, पाण्याने भरलेलं ते खोड अक्षरशः शिजतं. २०२० च्या उन्हाळ्यात टोंटो राष्ट्रीय वनात असल्याच परक्या गवतांवरून वणवा पसरला आणि हजारो सवारो गेले. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्यांच्याकडे जो मेस्किट दाई आहे, त्याचीच सख्खी चुलत बहीण आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणून गवताळ माळ गिळत सुटली आहे. त्यांनी आपलं गवत नेलं, आपण त्यांची बाभूळ आणली, आणि दोघंही आता खोदत बसलोय.

आपल्यातले कितीतरी जण एमएस करायला टेम्पीला, टूसॉनला जातात. जाणारच असाल तर सवारोला टेकून नाही (काटे आहेत), पण शेजारी उभं राहून फोटो जरूर काढा, मीही काढेन. फक्त खाली एखादं पालो व्हर्देचं झुडूप असेल तर वाकून बघा, अंगठ्याएवढं काही हिरवं दिसतंय का. आणि सुट्टीचा एक दिवस मोकळा असेल तर तिथे स्वयंसेवकांचे गट असतात, कॉलेजची मुलंही असतात त्यात. हातात पहार, डोक्यावर टोपी. डोंगर उतारावर जायचं आणि अंजनाचे गड्डे मुळासकट उपटायचे. नुसतं वरून कापून भागत नाही, ते परत फुटतं. बी सांडू नये म्हणून सगळं पोत्यात भरायचं. जमिनीत आधीच पडलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं, म्हणून पुढच्या पावसानंतर त्याच उतारावर पुन्हा जायचं, आणि त्याच्या पुढच्या पावसानंतरही.